नागोजीअण्णांचा तिरका दिवा

आमच्या तपासणीच्या यादीत तेवीस ओळी आहेत. बावीस मी लिहिल्या, तेविसावी नागोजीअण्णांची. नवीन माणूस कामावर आला की यादी वाचता वाचता शेवटी थबकतो आणि विचारतो, "मॅडम, हे काय?" ओळ एवढीच आहे: ‘उजेड कुठून?’ बाकीच्या ओळींपुढे माप लिहायचं असतं, नाहीतर खूण करायची असते. या ओळीपुढे दोन चौकोन आहेत, आणि दोन्ही भरल्याशिवाय दरवाजा पुढे जात नाही. दोन का, हे सांगायला मला दर वेळी अर्धा तास लागतो. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आमचा कारखाना यशवंतपूरला. आम्ही लिफ्टचे दरवाजे करतो, स्टेनलेस स्टीलचे. मी निपाणीहून डिप्लोमा करून इथे आले तेव्हा अण्णा तपासनीस होते. पत्रा कापून, वाकवून, मागच्या बाजूने आधाराची पट्टी जोडून दरवाजा तयार झाला की शेवटी अण्णांच्या टेबलावर यायचा. ते टेबल पलंगासारखं लांब, एका बाजूने भिंतीला लावलेलं. डोक्याशी, टेबलाच्या कडेला अगदी टेकून, त्यांनी स्वतः ठोकलेल्या लाकडी चौकटीत एक ट्यूबलाइट आडवी बसवलेली. तिचा उजेड दरवाज्यावर पडायचा नाही, दरवाज्यावरून सरपटत जायचा.

अण्णा चामराजपेटेतले. त्यांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सैन्याबरोबर इकडे आलेलं, पण ते "आम्ही आलो तेव्हा" असं म्हणायचे जणू गेल्या आठवड्यात सामान उतरवलंय. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, हे मराठीच्या कपात कानडी कॉफी ओतून देतात. मग लक्षात आलं की निपाणीची मीही तेच करते, फक्त माझा कप वेगळा. लहान-मोठी कुठलीही बाई त्यांना अक्का. कारखान्याचे मॅनेजर श्रीनिवास यांच्याशी ते कानडीत बोलायचे, माझ्याशी मराठीत आणि दरवाज्यांशी मनातल्या मनात.

पांढरा शर्ट, खिशात कागदात गुंडाळलेला खडू आणि मुलीच्या जुन्या कंपासपेटीतला एक प्लॅस्टिकचा गुण्या. हा गुण्या जेवतानाही खिशात असायचा. ते कुणाच्याही समोर उभे राहत नसत. खांद्याशी उभे राहायचे. कॅन्टीनमध्ये टेबलाच्या कोपऱ्यावर बसायचे, म्हणजे सगळे कडेने दिसतात. तरुणपणी मामाच्या फोटो स्टुडिओत चार वर्षं काढली होती, ते वळण गेलं नव्हतं. मामांनी त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की समोरून दिवा टाकला की नाकाला नाकपण राहत नाही. कारखान्यात कुणाच्या घरी लग्नाचं जमत असलं की स्थळाचा फोटो आधी अण्णांकडे यायचा. ते तो हातभर लांब धरून म्हणायचे, "समोरून फ्लॅश मारलाय. माणूस कळत नाही. खिडकीशी बसवून काढलेला मागवा." दोन लग्नं दुसऱ्या फोटोवर मोडली आणि एक जमलं, असा कारखान्यात समज होता. अण्णा तो समज खोडून काढत नसत.

माझा पहिला दिवस मला नीट आठवतो, कारण मी माझी यादी घेऊन गेले होते. बावीस मुद्दे, टाइप केलेले. अण्णांनी टेबलावरचा दरवाजा दाखवला आणि म्हणाले, बघा. मी वरचे दिवे लावले, समोर उभी राहिले, एकेक मुद्दा तपासला आणि बावीसच्या बावीस खुणा करून कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला. मग वरचे दिवे बंद केले आणि डोक्याशी असलेली ट्यूब लावली. दरवाज्याच्या मधोमध एक पोचा उगवला. ‘उगवला’ याला दुसरा शब्द नाही. आधी नव्हता, आता होता, अंगठ्याएवढा, एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने चकचकीत.

"तुमची यादी बरोबर आहे, अक्का," ते म्हणाले. "उजेड चुकलाय."

मी त्याच दुपारी तेविसावी ओळ लिहिली. तेव्हा तिच्यापुढे एकच चौकोन होता.

शुक्रवारी ते शिकाऊ मुलामुलींचा अर्धा तास घ्यायचे. चहाबरोबर आलेल्या भज्यांचा कागद घडी घालून काटकोन करायचे आणि तेलकट बोटं पुसत विचारायचे की हे काय. सगळे म्हणायचे, काटकोन. मग ते घडी केसभर उघडायचे, केसभर मिटायचे.

"काटकोन एकच. इकडे सरका, तिकडे सरका, तिरका झाला. आता सांगा, या जगात सरळ जास्त की तिरकं जास्त?"

एकदा हासनच्या एका मुलीने सांगितलं की शाळेत याला लघुकोन आणि विशालकोन म्हणतात. अण्णा खूश झाले. म्हणाले, ती घरातली नावं. आडनाव दोघांचंही एकच, तिरके.

पास केलेल्या दरवाज्याच्या पाठीवर ते खडूने त्रिकोण काढायचे, तिन्ही बाजू वेगळ्या, एकही कोन काटकोन नाही. काटकोनी त्रिकोण कुणीही काढतो, असं त्यांचं म्हणणं. श्रीनिवासांनी एकदा छापील स्टिकर आणले आणि खडू बंद करायला सांगितलं. अण्णांनी स्टिकर लावले. मग स्टिकरवर खडूने त्रिकोण काढले. महिनाभराने स्टिकर संपले आणि कुणी पुन्हा मागवले नाहीत.

गिऱ्हाइकाची तक्रार आली की तिच्याबरोबर बहुतेक वेळा मोबाइलवरचा फोटो यायचा. अशाच एका तक्रारीने अण्णांचं नाव झालं. एका इमारतीतून फोटो आला की तुमचा दरवाजा डावीकडे कललाय. फोटोत तो कललेला दिसतही होता. श्रीनिवास माणसं पाठवून दरवाजा उतरवायच्या बेतात होते. अण्णांनी फोटोची मोठी प्रत काढायला लावली, खिशातला गुण्या काढला आणि दरवाज्याच्या कडेला लावला. मग तोच गुण्या शेजारच्या खांबाला लावला. मग कोपऱ्यात ठेवलेल्या झाडाच्या कुंडीला. मग लिफ्टची वाट पाहणाऱ्या एका गृहस्थाच्या पाठीला. सगळे तेवढेच कललेले.

"दरवाजा एकटा कलला तर दरवाज्याची चूक," अण्णा म्हणाले. "सगळं जग कललं तर फोटो काढणाऱ्याची मान."

ते वाक्य कारखान्यात म्हण झालं. मीटिंगमध्ये कुणी फारच आरडाओरडा केला की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, मान, मान. आणि त्या दिवसापासून तक्रारीचा फोटो आला की तो आधी अण्णांकडे जायचा. ते एक नजर टाकायचे, गुण्या लावायचे आणि बहुतेक वेळा म्हणायचे, फोटो तिरका आहे. बहुतेक वेळा तो असायचाही.

एका रविवारी त्यांनी आम्हा चौघांना येलहंक्याच्या पलीकडे एका तळ्याकाठी नेलं. तिथे एक वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला दगड. दगडाचं तोंड दक्षिणेला. आम्ही अंधार फिकट होत असताना पोचलो आणि पाहिलं तर खडबडीत राखाडी दगड, दुसरं काही नाही. माझ्या पिशवीत चिवडा, थर्मास, कागदी पेले, चटई असं सगळं यादीप्रमाणे होतं, म्हणून लोकांनी तक्रार केली नाही. मग सूर्य वर आला आणि ऊन पूर्वेकडून दगडाच्या अंगावरून सरकत गेलं. आधी घोड्याची मान, मग हातातली तलवार, मग घोड्याचा पुढचा उचललेला पाय. तासाभराने ऊन वर चढलं आणि स्वार पुन्हा दगडात गेला.

"दुपारी आलात तर दगड आहे," अण्णा म्हणाले. "सकाळी आलात तर माणूस आहे." ते अकरा वर्षं तिथे येत होते, दर वेळी सकाळी.

आता मुख्य गोष्ट.

श्रीनिवासांनी कॅमेरा आणायचं ठरवलं. दरवाजा पट्ट्यावरून सरकत जाणार, वरून चारी बाजूंनी सारखा उजेड, कॅमेरा टिपणार आणि कॉम्प्युटर सांगणार, पास की नापास. विकणारी मंडळी यंत्र घेऊन आली. श्रीनिवास सरळ माणूस. त्यांनी अण्णांना समोर बसवून सांगितलं की परीक्षा घेऊ. एका हॉस्पिटलसाठीचे चाळीस दरवाजे तयार होते, अण्णांचे त्रिकोण पाठीवर घेऊन. तेच दरवाजे कॅमेऱ्याखालून जातील. अण्णांच्या नजरेतून सुटलेला एक जरी दोष कॅमेऱ्याने काढला, तर टेबल उठेल आणि अण्णांनी निवृत्तीपर्यंतची दीड-दोन वर्षं स्टोअरमध्ये बसायचं. नाही काढला, तर टेबल राहील आणि यंत्र परत जाईल.

अण्णा "सरी", म्हणजे ठीक, म्हणाले आणि डबा खायला गेले. पण त्या आठवड्यात ते गुण्या दोनदा टेबलावर विसरले, हे मी पाहिलं. स्टोअरमध्ये खिडकी नाही. बोल्ट मोजायचे, वरून दिव्याचा गोळा, दिवसभर. त्यांच्यासारख्या माणसाला ती बदली म्हणजे काय होती, हे कारखान्यात सगळ्यांना कळत होतं.

परीक्षा झाली. चाळीसच्या चाळीस दरवाजे पास. कॅमेऱ्याला काहीही जास्त सापडलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. श्रीनिवासांनी अण्णांचा हात हातात घेतला आणि विकणारी मंडळी यंत्राला गोधडी गुंडाळायला लागली.

मी मात्र त्या संध्याकाळी वही उघडून बसले होते. मागच्या सहा महिन्यांत तीन तक्रारी आल्या होत्या: दरवाज्यावर वरून खाली एक रेघ दिसते. तिन्ही वेळा अण्णांनी फोटोला गुण्या लावला होता आणि म्हटलं होतं, फोटो तिरका आहे. फोटो तिरके होतेच. म्हणून मीही तक्रारी बंद केल्या होत्या, माझी सही होती. पण मी याद्या करते त्या मिटवत नाही, आणि आता तिन्ही एकाखाली एक वाचल्या. तिन्ही इमारतींत लिफ्टच्या शेजारी, दरवाज्याच्या बाजूला, खिडकी होती.

वहीतली सगळ्यात ताजी नोंद घरगुती होती. आदल्या रविवारी मी घरच्यांना वीरगळ दाखवायला नेलं होतं. मुलाचा क्लास होता म्हणून आम्ही संध्याकाळी गेलो. ऊन पश्चिमेकडून येत होतं. स्वार अर्धामुर्धाच दिसला, पण घोड्याच्या पोटाखाली एक कुत्रा होता, शेपटी वर केलेला, स्पष्ट. अण्णांनी आम्हाला कुत्रा कधी दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या आधी मी हातदिवा घेऊन टेबलाशी गेले. अण्णा आलेले होते, खडूला टोक काढत होते. माझ्या पानावर लिहिलेलं होतं: एक, अण्णांना दाखवणे. दोन, अण्णांनी सांगितलं नाही तर आपण सांगणे. दुसऱ्या ओळीने मला रात्रभर झोपू दिलं नव्हतं.

"अण्णा, वीरगळीवर कुत्रा आहे," मी म्हणाले.

"कुठल्या?"

"तुमच्याच. घोड्याच्या पोटाखाली."

"नाही, अक्का. अकरा वर्षं बघतोय मी."

"तुम्ही सकाळी बघता. मी संध्याकाळी गेले होते."

त्यांनी माझ्या हातातल्या दिव्याकडे पाहिलं. मग टेबलाच्या डोक्याशी असलेल्या ट्यूबकडे. मग त्या भिंतीकडे, जिला टेबल वीस वर्षं चिकटलेलं होतं. एवढी समज असलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

"टेबल ओढा," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी ते ओढलं. भिंतीवर टेबलाच्या उंचीची काळी पट्टी उमटली होती. चाळिसातला एक दरवाजा टेबलावर घेतला. मी भिंतीच्या बाजूला शिरले आणि दिवा दरवाज्याच्या लांब कडेला टेकवून धरला, म्हणजे उजेड लांबीच्या दिशेने न जाता रुंदीवरून आडवा गेला. डोक्यापासून पायापर्यंत एक रेघ उभी राहिली, पट्टीने आखल्यासारखी. ती पट्टीचीच होती. मागे जोडलेल्या आधाराचा ठसा पुढे उतरला होता. इतकी वर्षं अण्णांचा उजेड त्या रेघेच्या दिशेनेच सरपटत होता, त्यामुळे तिला सावलीच पडत नव्हती. आडवे पोचे सगळे सापडत होते, ही उभी रेघ कधीच नाही.

अण्णांनी तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागत नव्हतं. पुन्हा फिरवलं.

"काल कॅमेऱ्यालाही दिसली नाही?"

"नाही. त्याचा उजेड वरून आहे."

"म्हणजे हे तुम्हाला आणि मला ठाऊक."

"हो."

त्यांनी खडू कागदात गुंडाळला आणि खिशात ठेवला. हात धुवायच्या नळाशी गेले, फडकं ओलं केलं, पिळलं आणि त्या दरवाज्याच्या पाठीवरचा आपला त्रिकोण पुसला. मग रांगेतल्या पुढच्या दरवाज्याचा. मी मदत करायला फडकं शोधू लागले तर म्हणाले, माझे आहेत, मीच पुसतो. श्रीनिवास आले तेव्हा चाळिसावा पुसून झाला होता. अण्णांनी त्यांना कानडीत सांगितलं, तीन वाक्यांत, की दरवाजे नापास आहेत, चूक टेबलाची नाही, टेबल भिंतीला लावणाऱ्याची आहे, आणि टेबल त्यांनीच लावलं होतं. बटण भिंतीच्या त्या टोकाला होतं म्हणून. श्रीनिवासांनी स्वतः दिवा धरून रेघ पाहिली आणि ते म्हणाले की अण्णा, काल तर तुम्ही जिंकला होता. अण्णा म्हणाले, काल उजेड चुकलेला होता.

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, आणि हे त्यांचं एकच वाक्य मी वहीत तसंच्या तसं उतरवलंय, "वीस वर्षं तिरकं बघतो म्हणून मिरवलो, अक्का. रोज एकाच बाजूने तिरकं. ते सरळच झालं की."

चाळिसांपैकी अकरा दरवाज्यांवर रेघ निघाली. ते पुन्हा केले. हॉस्पिटलला आठ दिवस उशीर झाला, श्रीनिवासांनी फोनवर ऐकून घेतलं. ज्या तीन तक्रारी मी बंद केल्या होत्या त्या मी माझ्या सहीने पुन्हा उघडल्या आणि तिन्ही ठिकाणी माणसं पाठवली.

टेबल मात्र उठलं. यंत्रालाही ती रेघ पकडता येते, हे त्याच सकाळी सिद्ध झालं होतं, आणि ते अण्णांनीच सिद्ध केलं होतं. गोधडी सोडायला लावून त्यांनी विकणाऱ्या मंडळींना सांगितलं की तुमचा वरचा उजेड काढा, एक दिवा डोक्याशी द्या, एक बाजूला, आणि दोन्ही एकदम लावू नका. आधी हा, मग तो. एकदम लावलेत तर एकमेकांच्या सावल्या खातील. मंडळींनी आधी मान हलवली, मग करून पाहिलं, मग वही काढली. श्रीनिवासांनी बदलीचा विषय पुन्हा काढला नाही. अण्णांची शेवटची दीड वर्षं त्या यंत्रापाशी गेली, दिवे बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवण्यात. रुसले वगैरे नाहीत. फक्त शुक्रवारच्या अर्ध्या तासात भज्यांच्या कागदाची घडी घालून झाली की आता एक वाक्य जास्त असायचं: तिरका दिवा ठेवलात, सरी, आता तो हलवा. आणि त्याच महिन्यात मी तेविसाव्या ओळीपुढे दुसरा चौकोन काढला.

निवृत्तीच्या दिवशी ते लाकडी चौकट काखेत घेऊन ऑटोत बसले. ती मापाने ऑटोत मावत नव्हती. त्यांनी ती तिरकी घातली. मावली.

पुढे ते मुलीकडे हुबळीला राहायला गेले, त्याच्या थोडं आधीची ही भेट. दोन वर्षं वापरलेले दरवाजे कसे आहेत ते पाहायला मी त्या हॉस्पिटलात गेले होते, हातात यादी. तळमजल्यावर बाकावर अण्णांची बायको बसली होती, गुडघा दाखवायला आलेली. माझ्याकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि लिफ्टकडे हनुवटी केली. तिथे अण्णा गुडघ्यांवर बसले होते, पांढरा शर्ट, गाल जवळजवळ दरवाज्याला टेकवलेला, मोबाइलची बॅटरी उंबऱ्याशी धरून. मागे चार-पाच माणसं, एक चाकाची खुर्ची आणि फळांची पिशवी घेतलेल्या एक आजी लिफ्टची वाट पाहत होत्या. बटण कुणी दाबत नव्हतं. त्यांना वाटत होतं, हे लिफ्टवालेच आहेत.

मी पुढे होऊन बटणाकडे हात नेला.

"स्वल्प थांबा, अक्का," अण्णा म्हणाले, माझ्याकडे न बघता, म्हणजे समोरून न बघता. बॅटरी दुसऱ्या हातात घेतली आणि गुडघ्यांवरच सरकत दरवाज्याच्या पलीकडच्या कडेला गेले. "ही बाजू झाली. ती राहिलीये."

मी हात मागे घेतला.